सायनसचा सीटी स्कॅन: कधी काढावा, कसा वाचावा आणि त्यावरून तीव्रता कशी ठरवावी

सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांच्या, जुनाट आजारात सीटी स्कॅनची पायरी बरीच नंतर येते. रुग्णांचे पैसे आणि महिने वाया जातात ते बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाल्यामुळे. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत आणि नवी मुंबईत वाशीपासून पनवेलपर्यंत स्कॅन सेंटर सहज सापडते. त्यामुळे सर्दी लांबली आणि डोके जड झाले की आधी स्कॅन काढला जातो आणि मग रिपोर्ट हातात घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञ शोधला जातो. अशा रिपोर्टात ‘पॅनसायनसायटिस’ (सर्व सायनसचा दाह) हा शब्द असला की घरात ऑपरेशनची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात त्या चित्रात आठ दिवसांपूर्वीची साधी सर्दी दिसत असण्याचीच शक्यता अधिक असते. स्कॅनवरून तीव्रता नेमकी कशी मोजली जाते आणि मोजण्याआधी काय काय जुळून यावे लागते, ते पुढे क्रमाने दिले आहे. हे रुग्णांसाठी आहे, तसेच चिठ्ठी लिहून देणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठीही आहे. निदान आणि उपचार मात्र तपासणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवावेत.

१. आजार खरोखर जुनाट आहे का, हे आधी ठरवा

प्रौढ व्यक्तीत त्रास सलग १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ असेल, तरच त्याला जुनाट म्हणतात. चार लक्षणे पाहायची असतात: नाक चोंदणे, नाकातून पुढे किंवा मागे घशात शेंबूड उतरणे, गाल, कपाळ किंवा डोळ्यांच्या आसपास दुखणे वा दाब जाणवणे, आणि वास कमी येणे किंवा अजिबात न येणे. यांपैकी किमान दोन लक्षणे हवीत आणि त्या दोनांत चोंदणे किंवा शेंबूड यांपैकी एक असायलाच हवे. डोकेदुखी आहे, पण नाक मोकळे आहे, शेंबूड नाही आणि वास नीट येतो, तर तो त्रास सायनसचा असण्याची शक्यता कमी असते. अनेकदा तो अर्धशिशीचा निघतो.

मग त्रासाला स्वतःच ० ते १० पैकी आकडा द्या आणि तारखेसह लिहून ठेवा. ३ पर्यंत सौम्य, ३ च्या पुढे ७ पर्यंत मध्यम आणि ७ च्या पुढे तीव्र, अशी ढोबळ विभागणी वापरतात. स्कॅनच्या आधी लिहिलेला हा आकडा फार मोलाचा असतो, कारण रिपोर्ट वाचल्यानंतर बहुतेकांना आपला त्रास अधिक वाटू लागतो.

तिसरी गोष्ट दुर्बिणीची. ओपीडीत नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिले की पॉलिप (आवरणाची मऊ वाढ), पू किंवा सूज काही मिनिटांत दिसते आणि त्यासाठी किरणोत्सर्ग लागत नाही. दुर्बीण तपासणी झालेली नसताना स्कॅनची चिठ्ठी मिळाली असेल, तर डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारा.

*खबरदारी: डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे, कपाळावर मऊ फुगवटा, मान आखडून तीव्र डोकेदुखी किंवा गुंगी यांपैकी काहीही असल्यास पुढील क्रम बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाचा गाल बधिर झाला, नाकात वा टाळूवर काळी खपली दिसली, तर बुरशीच्या आक्रमक संसर्गाचा धोका असतो. तिथे तासांचाही उशीर महागात पडतो.*

२. कोणती तपासणी, हे ठरवा

साधा एक्स-रे जुनाट आजारासाठी काढू नये. त्यात सायनस एकमेकांवर चढलेले दिसतात, डोळ्यांच्या मधल्या इथमॉइड पेशींचा, म्हणजे हवेच्या छोट्या कप्प्यांचा, तर पत्ताच लागत नाही, आणि नॉर्मल एक्स-रेवरून आजार नाही असे म्हणता येत नाही. तो स्वस्त असला तरी त्यानंतर सीटी काढावाच लागतो, म्हणजे खर्च वाढतोच.

हवा तो सीटी स्कॅन, म्हणजे चिठ्ठीवर लिहितात तो ‘सीटी पीएनएस’ (पॅरानेझल सायनस, नाकाभोवतीचे सायनस), आणि तोही प्लेन, शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसण्यासाठीचे औषध) न देता. हवा काळी, श्लेष्मल आवरण व स्राव करडे आणि हाड पांढरे असा स्पष्ट फरक त्यात आपोआप दिसतो, म्हणून कॉन्ट्रास्टची गरज नसते. एमआरआय लागतो तो गाठीची शंका असेल, डोळ्याकडे किंवा मेंदूकडे आजार सरकल्याची चिन्हे असतील किंवा बुरशीच्या आक्रमक संसर्गाचा संशय असेल तेव्हा. एमआरआय महाग आहे म्हणून तो अधिक चांगला, हा समज चुकीचा आहे. पातळ हाडे त्यात नीट दिसत नाहीत, आणि नाकाच्या आतली नेहमीची चढ-उतार होणारी सूजही त्यात आजारासारखी भासते.

३. वेळ निवडा

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात.

१९९४ साली अमेरिकेत नुकतीच साधी सर्दी झालेल्या ३१ तरुणांचे सीटी स्कॅन काढण्यात आले. त्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. दोन आठवड्यांनी ज्यांचे स्कॅन पुन्हा काढले, त्यांतील बहुतेकांचे सायनस अँटिबायोटिक न घेता साफ झालेले होते किंवा खूप सुधारलेले होते. याचा अर्थ असा की सर्दीत काढलेला स्कॅन सर्दीच दाखवतो. त्यावरून जुनाट आजाराची तीव्रता मोजणे म्हणजे पुराच्या दिवशी नदीचे पात्र मोजण्यासारखे आहे.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात घरोघरी सर्दी असते आणि पाऊस ओसरल्यावर दमट भिंतींवरची बुरशी व धूळ यांनी ॲलर्जीवाल्यांचे नाक पुन्हा बिघडते. स्कॅन त्या काळात काढूच नये असे नाही, परंतु नवी सर्दी झाली असेल तर ती पूर्ण उतरल्यावर आणखी काही आठवडे थांबणे शहाणपणाचे आहे.

दुसरी अट उपचारांची आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे हे दोन्ही ६ ते १२ आठवडे नियमित आणि योग्य पद्धतीने केल्यावरही त्रास उरला, तर स्कॅनचा विचार करावा. येथे ‘योग्य पद्धतीने’ हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. स्प्रे नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येते आणि औषध जिथे पोचायला हवे तिथे पोचत नाही. मान किंचित पुढे झुकवून, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरून, फवारा बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्या बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे मारावा. नाक धुण्यासाठी उकळून गार केलेले पाणीच घ्यावे, थेट नळाचे नको. स्प्रे चार दिवस मारून ‘औषधाने गुण आला नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाचा स्कॅन काढला, तर उपचार न झालेला आजार आणि उपचारांना न जुमानणारा आजार यांतला फरकच कळत नाही.

तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स नुकताच संपला असेल, तर नेमके उलटे होते. पॉलिप आक्रसतात आणि चित्र खऱ्यापेक्षा बरे दिसते. कोर्स कधी सुरू झाला आणि कधी संपला, या तारखा रेडिओलॉजिस्टला कळायलाच हव्यात.

*तपासून घ्या: गेल्या काही आठवड्यांत नवी सर्दी किंवा ताप नाही, स्प्रे आणि नाक धुणे किमान ६ आठवडे नियमित झाले आहे, स्टेरॉइड गोळ्यांच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच सेंटरची वेळ घ्या.*

४. चिठ्ठी पूर्ण लिहून घ्या

‘सीटी पीएनएस, सायनसायटिस’ एवढीच चिठ्ठी असली की रिपोर्टही तितकाच त्रोटक येतो. चिठ्ठीवर त्रास किती महिन्यांचा, कोणत्या बाजूला जास्त, दुर्बिणीत काय दिसले, दमा किंवा ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांची ॲलर्जी आहे का, मधुमेह आहे का, आधी नाकाचे ऑपरेशन झाले आहे का आणि वरच्या दाढांवर नुकते काही उपचार झाले आहेत का, हे सर्व असावे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात दाखवत असाल, तर जुन्या केसपेपरच्या प्रती सोबत ठेवा, कारण प्रत्येक वेळी तोच डॉक्टर भेटेल असे नाही.

तांत्रिक बाजूने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. काप, म्हणजे चित्राचे थर, १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असावेत. समोरून, आडवे आणि बाजूने अशा तिन्ही प्रतलांतील चित्रे मिळावीत. आणि स्कॅनमध्ये कपाळाच्या सायनसच्या वरच्या टोकापासून वरच्या दातांपर्यंतचा भाग यावा. दातांचा भाग बऱ्याचदा चित्रातून सुटतो आणि मग दाढेच्या मुळाचा संसर्ग सायनसमध्ये गेला असेल तर तो दिसायचा राहून जातो.

५. स्कॅनच्या दिवशी

हा टप्पा सोपा आहे. प्लेन स्कॅनसाठी उपाशी राहावे लागत नाही. कानातले, नथ किंवा चमकी, गळ्यातले, केसांच्या पिना, चष्मा, श्रवणयंत्र आणि काढता येणारी कवळी बाजूला ठेवावी. दातांवर पक्क्या बसवलेल्या धातूच्या कॅपमुळे चित्रावर पांढऱ्या रेघा येऊ शकतात, तेवढे टेक्निशियनला सांगावे. आत जाण्यापूर्वी नाक हलकेच शिंकरून घ्यावे. गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास नोंदणीच्या वेळीच सांगावे.

किरणोत्सर्गाविषयी बरेच जण घाबरतात. कमी मात्रेच्या सेटिंगवर काढलेल्या सायनसच्या स्कॅनची मात्रा साधारणपणे १ मिलिसिव्हर्टच्या आत राहते. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एका स्कॅनला घाबरण्याचे कारण नाही, परंतु दर पावसाळ्यात एक स्कॅन काढणेही योग्य नाही. लहान मुलांच्या बाबतीत हात अधिकच आखडता ठेवावा.

६. हातात काय मिळाले ते मोजून घ्या

रिपोर्टचा कागद आणि दोन-चार फिल्म एवढ्यावर समाधान मानू नका. सर्व कापांची मूळ डिजिटल फाइल, म्हणजे डायकॉम, सीडीवर किंवा लिंकवरून मागून घ्या आणि ती घरी उघडते का ते पाहा. लिंकची मुदत संपते, म्हणून ती लगेच उतरवून ठेवा. मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मत मागितले जाते, पण अशा फोटोवरून तीव्रतेचे गुण (आठव्या टप्प्यातले) देता येत नाहीत.

७. चित्र ठरावीक क्रमाने पाहा

सर्वांत आधी रुग्णाचे नाव, तारीख आणि बाजू पाहा. समोरच्या प्रतलात पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते, जणू रुग्ण आपल्यासमोर उभा आहे. नव्याने शिकणारे येथे हमखास चुकतात, आणि एकदा बाजू चुकली की पुढचे सर्व गुण चुकतात.

चित्र हाडांच्या विंडोत, म्हणजे हाडे स्पष्ट दिसतील अशा काळ्या-पांढऱ्या छटांच्या सेटिंगमध्ये, पाहावे. अरुंद विंडोत पातळ हाडे नाहीशी होतात आणि आवरणाची साधी जाडीही भरीव दिसते. मग समोरच्या प्रतलात पुढून मागे जावे: कपाळाचा फ्रंटल, गालाचा मॅक्सिलरी, मॅक्सिलरीचा निचरा जिथून होतो ते ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स, पुढचे इथमॉइड, मागचे इथमॉइड आणि सर्वांत खोल स्फीनॉइड. पुढच्या व मागच्या इथमॉइडची सीमा समोरच्या प्रतलात नीट सापडत नाही. ती मधल्या टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील वळलेल्या हाडाच्या) तिरक्या पडद्याने ठरते आणि बाजूच्या प्रतलात स्पष्ट दिसते. घाईत सर्व इथमॉइड एकच धरले की दोन्ही बाजूंचे गुण फसतात.

८. लंड-मॅके पद्धतीने गुण द्या

लंड आणि मॅके या तज्ज्ञांनी १९९३ साली मांडलेली ही पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते, कारण ती दोन मिनिटांत होते आणि दोन वेगवेगळ्या तपासनिसांचे गुण बऱ्यापैकी जुळतात.

प्रत्येक बाजूला पाच सायनस: मॅक्सिलरी, पुढचे इथमॉइड, मागचे इथमॉइड, स्फीनॉइड, फ्रंटल. पूर्ण मोकळा असेल तर ०, काही भाग भरला असेल तर १, पूर्ण भरला असेल तर २. ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्सला फक्त दोन पर्याय आहेत: मोकळे असेल तर ०, बंद असेल तर २. तिथे १ देत नाहीत. जन्मतः न बनलेल्या सायनसला ० मिळतो. एका बाजूचे जास्तीत जास्त १२, दोन्ही मिळून २४.

समजा, ऐरोलीत राहणाऱ्या आणि रबाळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका प्रौढाचा स्कॅन आहे. उजवीकडे मॅक्सिलरी अर्धवट भरलेला, १; पुढचे इथमॉइड अर्धवट, १; मागचे इथमॉइड, स्फीनॉइड आणि फ्रंटल मोकळे, ०; ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स बंद, २. उजवी बाजू ४. डावीकडे मॅक्सिलरी पूर्ण भरलेला, २. पुढचे इथमॉइड पूर्ण, २. मागचे इथमॉइड अर्धवट, १. स्फीनॉइड मोकळा, ०. फ्रंटल अर्धवट, १. ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स बंद, २. डावी बाजू ८. एकूण १२.

नोंद करताना नुसते ‘१२’ लिहू नये, ‘उजवी ४, डावी ८, एकूण १२’ असे लिहावे. बाजूंमधला फरक हीच पुढे कित्येकदा महत्त्वाची खूण ठरते.

*खबरदारी: आवरण जरासे जाड झाले तरी १ आणि एक कोपरा सोडून सर्व भरले तरी १, ही या पद्धतीची उघड मर्यादा आहे. गालाच्या सायनसच्या तळाशी घुमटासारखी गुळगुळीत गाठ दिसली, तर ती बहुधा निरुपद्रवी रिटेन्शन सिस्ट (साचलेल्या स्रावाची पिशवी) असते. नियमाने तिला १ मिळतो, पण आजार म्हणून ती धरू नये. सायनसमध्ये द्रवाची आडवी सरळ पातळी दिसत असेल, तर ताजा संसर्ग चालू असण्याची शक्यता असते. अशा वेळी तिसरा टप्पा पुन्हा वाचावा.*

९. आकड्याचा अर्थ लावा

शून्य गुण म्हणजेच निरोगी, असे नसते. सायनसचा काहीही त्रास नसलेल्या प्रौढांत सरासरी गुण ४ च्या आसपास आढळले आहेत. त्यामुळे २ किंवा त्याहून कमी गुण असतील तर जुनाट सायनसायटिस असण्याची शक्यता कमी, ५ पेक्षा अधिक असतील तर ती बरीच जास्त, आणि मधल्या पट्ट्यात लक्षणे व दुर्बीण यांवरच निर्णय. हे आकडे प्रौढांचे आहेत. लहान मुलांत फ्रंटल सायनस उशिरा तयार होतो, म्हणून त्यांचे गुण प्रौढांच्या मापाने वाचू नयेत.

गुण आणि त्रास यांची सांगड ढिली असते, हे मी प्रत्येक रुग्णाला समजावून सांगतो. १८ गुणांच्या पॉलिपवाल्या माणसाची तक्रार कधी कधी एवढीच असते की फोडणीचा वास येत नाही. ५ गुणांचा माणूस गालाच्या दुखण्याने कामावर जाऊ शकत नाही. म्हणून स्कॅनचे गुण आजाराचा पसारा सांगतात आणि पहिल्या टप्प्यात लिहिलेला ० ते १० मधला आकडा त्रासाचे ओझे सांगतो. उपचार ठरवताना दोन्ही शेजारी ठेवावे लागतात. नुसत्या गुणांवर ऑपरेशन सुचवले गेले, तर दुसरे मत जरूर घ्यावे.

१०. गुणांत न मावणाऱ्या खुणा शोधा

२४ पैकी ६ हे गुण दोन्ही बाजूंना ३-३ असे विभागलेले असतील, तर चिंता कमी. तेच ६ एकाच बाजूचे असतील आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर कमी आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. एकाच बाजूला आजार असण्याची कारणे वेगळी असतात: दाढेच्या मुळाचा संसर्ग, बुरशीचा गोळा, इन्व्हर्टेड पॅपिलोमा (नाकातली एक साधी, कर्करोग नसलेली गाठ) आणि क्वचित कर्करोग. वरच्या दाढांच्या मुळांभोवती काळी पोकळी आहे का, मुळावरचे हाड नाहीसे झाले आहे का, हे पाहून गरजेप्रमाणे दंतवैद्याकडे पाठवावे. दाढ दुरुस्त केल्याशिवाय असा सायनस बरा होत नाही.

नंतर हाडे पाहा. भिंत जाड व दाट झाली असेल तर दाह जुना आहे. भिंत पातळ होऊन फुगली असेल तर म्युकोसील (स्राव साचून फुगलेला सायनस), पॉलिप किंवा ॲलर्जीची बुरशी (बुरशीच्या ॲलर्जीने होणारा सायनसचा आजार) यांचा विचार करावा. भिंत खाल्लेली दिसली तर बायोप्सी आणि एमआरआय लवकर करावे. एकदा मऊ ऊतींच्या विंडोतही नजर टाकावी. भरलेल्या सायनसच्या आत अधिक पांढरट, दाट पट्टे दिसले, तर बुरशीयुक्त घट्ट स्राव असू शकतो. ॲलर्जीची बुरशी भारतात बऱ्यापैकी आढळते आणि हाडांच्या विंडोत ती सहज नजरेआड होते.

ऑपरेशन ठरत असेल, तर शल्यचिकित्सक आणखी एक फेरी मारतो: मेंदूखालच्या पातळ पट्टीची खोली, डोळ्याच्या बाजूची कागदासारखी भिंत, दृष्टीच्या नसेजवळ पोचलेली ओनोडी पेशी (मागच्या इथमॉइडचा एक कप्पा), स्फीनॉइडच्या भिंतीतली रक्तवाहिनी आणि इथमॉइडची धमनी. यांना गुण नसतात, पण ऑपरेशनची सुरक्षितता यांवरच ठरते. ‘नाकाचे हाड वाकडे आहे’ हे रिपोर्टातले वाक्य मात्र एकटे वाचू नये. कोणताही त्रास नसलेल्या कित्येकांचा पडदा थोडाफार वाकडा असतो आणि लंड-मॅकेच्या गुणांत तो धरलाच जात नाही.

११. पुन्हा स्कॅन कधी

औषधाने बरे वाटत असेल, तर ‘साफ झाले का ते पाहायला’ म्हणून स्कॅन काढू नये. त्यासाठी दुर्बीण पुरते. ऑपरेशनपूर्वीचा स्कॅन जुना असेल आणि मधल्या काळात आजाराने रूप बदलले असेल, तक्रारी नव्या बाजूला सुरू झाल्या असतील किंवा ऑपरेशननंतर त्रास परतला असेल, तर तो काढावा. तुलना करायची असेल तेव्हा दोन्ही स्कॅन सारख्या परिस्थितीतले हवेत, म्हणजे दोन्ही वेळी सर्दी नसावी आणि गोळ्यांचा कोर्स नुकता झालेला नसावा. पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स उघडले असेल, तर त्या घटकाला आधीसारखे गुण देता येत नाहीत. तेव्हा ऑपरेशनपूर्वीच्या आणि नंतरच्या बेरजा थेट वजा न करता प्रत्येक सायनसची जोडी स्वतंत्रपणे ताडून पाहावी. त्यासाठी जुनी सीडी सेंटरला आधीच द्यावी आणि रिपोर्टात ‘पूर्वीच्या स्कॅनशी तुलना’ हा परिच्छेद मागून घ्यावा.